‘नको’ म्हणणारा आमदार

निवडणुकीचे दिवस आले की उमेदवारांची पत्रके घरोघर येऊन पडतात. त्यांत एक मजकूर हमखास असतो. अमुक साहेबांनी सभागृहात इतके प्रश्न विचारले, इतकी विधेयके मांडली, इतक्या योजना मंजूर करवून घेतल्या. शेतकऱ्याची ऐपत जशी खंडीवर मोजावी, तशी आमदाराची लायकी आपण कायद्यांच्या संख्येवर मोजतो. या मापात एक मोठी गोम आहे. एखादा वाईट कायदा होऊ नये म्हणून कोणी माणूस चार महिने समितीच्या खोलीत बसून खपला आणि तो कायदा अखेर झाला नाही, तर त्याच्या श्रमांची नोंद कोणत्या पत्रकात करायची? न घडलेल्या अपघाताची बातमी वर्तमानपत्रात छापून येत नाही. न झालेल्या वाईट कायद्याचे पुण्यही तसेच कोणाच्या पदरी पडत नाही.

अशा न दिसणाऱ्या पुण्यावर विश्वास ठेवणारा एक आमदार अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव कॅल्व्हिन कूलिज. १९२३ पासून १९२९ पर्यंत तो अमेरिकेचा अध्यक्ष होता, आणि इतिहासाची पुस्तके बहुधा तेथूनच त्याची ओळख करून देतात. मला मात्र व्हाइट हाउसमधल्या कूलिजपेक्षा त्याआधीचा, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायदेमंडळात मागच्या बाकावर गप्प बसणारा कूलिज अधिक अभ्यसनीय वाटतो. अध्यक्षाच्या भोवती इतके सल्लागार असतात की त्याचे स्वतःचे मत कोणते हे ओळखणे कठीण. साधा आमदार मात्र आपल्या एका मतानिशी उघडा उभा असतो.

१९१० साली कूलिजचे वडील वयाच्या पासष्टाव्या वर्षी शेजारच्या व्हरमाँट राज्याच्या सिनेटवर निवडून आले. मुलाच्या पदरी तोवर कायदेमंडळातल्या दोन वर्षांचा अनुभव होता. त्याने वडिलांना पत्र लिहून चार हिताच्या गोष्टी सांगितल्या. त्यांचा मथितार्थ असा, की चांगली बिले मंजूर करण्यापेक्षा वाईट बिले मारणे फार महत्त्वाचे. तेव्हा स्वतःची बिले मांडण्याच्या भरीस न पडता नेमून दिलेल्या समितीचे काम नीट करावे. बापाने मुलाला उपदेश करावा ही जगाची रीत. येथे अडतीस वर्षांचा मुलगा बापाला उपदेश करतो आहे, आणि तोही काय, तर कायदे करणाऱ्या सभेत जाऊन कायदे न करण्याचा! पण या एका वाक्यात कूलिजचे सारे राजकारण आले आहे. ते खरे किती आणि अपुरे किती, याचा हिशेब मांडावा एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

येथे एका शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. कूलिजला त्याच्या देशात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणतात. आपण त्याचे भाषांतर ‘पुराणमतवादी’ असे करून मोकळे होतो. त्या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे सोवळेओवळे, पोथ्या आणि विटाळ यांचे चित्र उभे राहते. कूलिजचा प्रकार निराळा होता. पूर्वजांनी उभारलेली घडी आपल्या एका पिढीच्या शहाणपणापेक्षा मोठी आहे, म्हणून तिला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, खर्च बेताने करावा आणि सरकारने आपल्या जागी राहावे, एवढाच त्याचा पंथ. ‘जपणारा’ हा साधा मराठी शब्द त्याला अधिक शोभेल. मात्र जपणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच.

* * *

कूलिजचा जन्म ४ जुलै १८७२ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, व्हरमाँटमधल्या प्लिमथ नॉच या डोंगरातल्या खेड्यात झाला. वडिलांचे दुकान आणि त्याला जोडूनच घर. शेती होतीच. वडील गावचे सर्व काही होते. तंटे तोडणारे तेच, कर गोळा करणारे तेच. मुलगा बारा वर्षांचा असताना आई गेली, आणि आधीच अबोल असलेले पोर आणखी मिटून बसले. वर्षातून एकदा सारे गावकरी एकत्र जमत आणि रस्ता दुरुस्त करायचा की नाही, शाळेला किती द्यायचे, कर किती बसवायचा हे हात वर करून ठरवीत. या सभेत लहानगा कॅल्व्हिन सफरचंदे आणि मक्याच्या लाह्यांचे लाडू विकायला जाई. लोकशाहीचा पहिला धडा त्याने असा लाडू विकता विकता घेतला. दुसरा धडा वडिलांबरोबर करवसुलीला हिंडताना मिळाला. कर बसला की तो भरण्यासाठी कोणाला तरी जास्त राबावे लागते, ही गोष्ट त्याने आत्मचरित्रात मुद्दाम नमूद केली आहे. सरकारी खर्चाचा आकडा पाहिला की त्याला त्या आकड्यामागचा राबणारा शेतकरी दिसे. ही सवय जन्मभर गेली नाही.

ॲमहर्स्ट कॉलेजातून १८९५ साली पदवी घेऊन तो जवळच्याच नॉर्थॅम्प्टन या गावी एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. १८९७ मध्ये सनद मिळाली. मग गावच्या राजकारणात एकेक पायरी चढणे सुरू झाले. आधी नगरमंडळाचा सभासद, मग शहराचा वकील. १९०५ साली त्याचे लग्न झाले. पत्नी ग्रेस ही बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. जितकी हसतमुख तितकीच बोलकी. बहिऱ्यांना ऐकायला शिकविणारी ही मुलगी मुक्यालाही बोलते करील, अशी थट्टा तेव्हा झाली. त्याच वर्षी शाळा समितीच्या निवडणुकीत तो हरला. मतदारांपुढचा त्याचा उभ्या राजकीय आयुष्यातला हा एकच पराभव. एका शेजाऱ्याने त्याला तोंडावर सांगितले, की तुला शाळेत जाणारे मूल नाही म्हणून मी तुला मत दिले नाही. लग्नाला दोन-तीन महिने झालेल्या कूलिजने शांतपणे उत्तर दिले, की थोडा अवधी तरी द्याल! पुढच्या वर्षी त्याला मुलगा झाला आणि तो राज्याच्या कायदेमंडळावरही निवडून आला.

त्या कायदेमंडळाचे नाव मोठे गमतीचे आहे. त्याला ‘जनरल कोर्ट’ म्हणतात. वसाहतीच्या काळात कायदे करणारी आणि न्याय देणारी सभा एकच होती, तेव्हाचे ते नाव पुढेही तसेच चालू राहिले. बॉस्टन शहरातल्या टेकडीवर सोनेरी घुमटाची इमारत आहे, तेथे ही सभा भरते. प्रतिनिधींच्या सभागृहात एक लाकडी मासा टांगलेला आहे. जवळजवळ पाच फूट लांबीचा हा कॉड मासा म्हणजे राज्याच्या जुन्या वैभवाची खूण. ज्या माशाच्या व्यापारावर राज्य मोठे झाले त्याला विसरू नये म्हणून तो तेथे लटकतो आहे. आपल्या कोकणातल्या माणसाला ही कृतज्ञता समजावून सांगावी लागणार नाही. या माशाखाली तेव्हा २४० प्रतिनिधी बसत आणि दर वर्षी निवडणूक होई.

१९०७ च्या जानेवारीत कूलिज तेथे गेला तो सभापतींच्या नावे एक ओळखपत्र घेऊन. पत्र देणाऱ्याने त्याची तुलना होरपळलेल्या मांजराशी केली होती. दिसतो त्यापेक्षा बरा आहे, हा त्याचा भावार्थ. या मांजराने दोन वर्षांत मते कशी दिली पाहा. स्त्रियांना मताधिकार असावा काय? होय. देशाच्या सिनेटमधले सभासद आमदारांनी आपसात न निवडता थेट जनतेने निवडावेत काय? होय. त्या काळी या दोन्ही गोष्टी पुढारलेल्या समजल्या जात. आपल्या पक्षातले कडवे लोक त्यांना विरोध करीत होते. म्हणजे ‘नको’ म्हणणारा हा माणूस ‘हो’ म्हणतच नव्हता असे मुळीच नाही. हिशेब पटला की तो ‘हो’ म्हणे, आणि एकदा म्हणाला की पुन्हा त्याबद्दल बोलत नसे.

मग तो गावी परतला आणि १९१० व १९११ अशी दोन वर्षे नॉर्थॅम्प्टनचा नगराध्यक्ष झाला. या दोन वर्षांत शिक्षकांचे पगार वाढले, शहराचे कर्ज काही अंशी फिटले आणि कर थोडासा उतरला. या तिन्ही गोष्टी एकदम साधणे किती अवघड असते, हे घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारावे.

* * *

१९१२ साली कूलिज राज्याच्या सिनेटमध्ये गेला आणि जाताच त्याच्यापुढे एक जळता प्रश्न आला. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण कायद्याचे हातपाय कुठवर पोचतात हे तीत फार स्पष्ट दिसते.

मॅसॅच्युसेट्समध्ये लॉरेन्स नावाचे गिरण्यांचे शहर आहे. लोकरीचे आणि सुती कापड तेथे विणले जाई. कामगार बहुतेक नव्याने आलेले परदेशी. इटालियन, पोलिश, लिथुएनियन, सिरियन. त्यांत बायका आणि मुलेही पुष्कळ. बायका-मुलांनी आठवड्याला ५६ तासांऐवजी ५४ तासच काम करावे, असा कायदा जनरल कोर्टाने केला आणि तो १ जानेवारी १९१२ पासून अमलात आला. हेतू किती चांगला! दोन तासांची विश्रांती. पण या दोन तासांचा पगार कोणी द्यायचा, याविषयी कायदा काही बोलत नव्हता. गिरणीवाल्यांनी तो कापला. आठवड्याला सुमारे ३२ सेंट कमी झाले. ज्या घरात सारा हिशेब पावावर चालतो तेथे ही रक्कम म्हणजे काही पाव होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पगाराची पाकिटे हातात पडली आणि यंत्रे थांबली. वीस हजारांहून अधिक कामगार, भर हिवाळ्यात, बर्फात रस्त्यावर उतरले.

दोन महिने संप चालला. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून संपकऱ्यांनी ती गाडीत बसवून न्यूयॉर्ककडे सहानुभूतीच्या घरी पाठवायला सुरुवात केली. २४ फेब्रुवारीला स्टेशनावर पोलिसांनी अशाच निघालेल्या आयांवर आणि मुलांवर लाठ्या चालविल्या, तेव्हा साऱ्या देशात संताप उसळला. कायदेमंडळाने समेटासाठी जी समिती नेमली तिचा अध्यक्ष कूलिज होता. संपाचे पुढारी त्याला पसंत होते असे नाही. जगच उलथून टाकू म्हणणाऱ्यांविषयी त्याच्या मनात तिटकाराच होता. पण पुढाऱ्यांची भाषा कशीही असली तरी पगाराच्या पाकिटातले ३२ सेंट खरे होते. मार्चच्या मध्याला अमेरिकन वुलन कंपनीने मागण्या मान्य केल्या आणि पगारवाढ दिली. बाहेरचा दबाव मोठा होता, समेटाचे सारे श्रेय कूलिजच्या समितीला देता येणार नाही. पण समेटाच्या वाटेत ती समिती होती, आणि तिच्या अध्यक्षाने तडजोडीला आडकाठी केली नाही, हे खरे.

या प्रकरणातून कूलिज काय शिकला असेल? मला वाटते, तो दोन गोष्टी शिकला. एक, कायदा पास झाला म्हणजे काम झाले असे नाही. त्याच्या अंमलबजावणीत जी फट राहते तिच्यातून गरिबाचाच पाव गळून पडतो. आणि दोन, तक्रार खरी आहे की खोटी हे तक्रार करणाऱ्याच्या तोंडाळपणावरून ठरवायचे नसते.

१९१४ च्या जानेवारीत तो सिनेटचा अध्यक्ष झाला. त्याच्या आधीचा अध्यक्ष स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केल्यामुळे निवडणुकीत पडला होता, आणि कूलिज मताधिकाराच्या बाजूचा होता. बायकांना मत देता येत नसतानाही त्यांच्या चळवळीने एका सिनेट-अध्यक्षाला घरी बसविले, ही त्या काळातली लहानसहान गोष्ट नव्हे. अध्यक्षपद स्वीकारताना कूलिजने केलेले भाषण त्याचे सर्वांत गाजलेले भाषण ठरले. कायदे करण्याची घाई करू नका, झालेल्या कायद्यांना गाठण्याची संधी कारभाराला द्या, असे त्याने त्यात सांगितले. लॉरेन्सची हकीकत ठाऊक असलेल्याला या सल्ल्यातला अनुभव ओळखू येईल. त्याच भाषणात त्याने असेही म्हटले, की दुर्बळाच्या हक्काचे रक्षण करण्याचे काम समोर आले तर कोणीही हरकत घेवो, ते करा. आणि मोठ्या कंपनीला लोकांची सेवा अधिक चांगली करता यावी म्हणून मदत करण्याचे काम आले तर कितीही विरोध होवो, तेही करा. पुढल्या वर्षी पुन्हा अध्यक्षपदी निवडून आल्यावर त्याने जे भाषण केले ते पन्नास शब्दांचेही नव्हते. त्यात त्याने सभासदांना थोडक्यात आटपण्याची विनंती केली, आणि स्वतः आधी आटपून दाखविले.

त्याच्या कामाची तऱ्हा सांगणारी एक गोष्ट आहे. फ्रँक स्टर्न्स नावाचे बॉस्टनमधले एक मोठे व्यापारी ॲमहर्स्ट कॉलेजचे जुने विद्यार्थी होते. कॉलेजच्या गावातल्या सांडपाण्याच्या नळांसंबंधीचे एक बिल घेऊन ते कूलिजकडे गेले. अधिवेशन संपत आले होते. आता उशीर झाला, एवढेच म्हणून कूलिजने त्यांना वाटेला लावले. स्टर्न्स रागावले. पुढच्या अधिवेशनात कोणीही आठवण न देता कूलिजने ते काम गुपचूप करून टाकले, आणि तसे कळविण्याचेही मनात आणले नाही. हे उमगल्यावर स्टर्न्स त्याचे जन्माचे चाहते झाले आणि पुढे त्याच्या प्रचारासाठी त्यांनी सढळ हाताने पैसा खर्चला. गोड बोलून काम न करणारे पुढारी आपण पुष्कळ पाहतो. हा उलटा मासला होता.

* * *

लेफ्टनंट गव्हर्नरची तीन वर्षे उरकून कूलिज १९१९ च्या आरंभी मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. आता कायदेमंडळाने केलेल्या कायद्यांवर सही करणे किंवा ते परत पाठविणे त्याच्या हाती आले. सात वर्षांपूर्वी ज्या ५४ तासांनी लॉरेन्स पेटले, ते बायका-मुलांचे तास आता ४८ वर आणणाऱ्या कायद्यावर त्याने सही केली. राज्यात तेव्हा लहानमोठी ११८ खाती आणि मंडळे माजली होती. राज्यघटनेतल्या नव्या दुरुस्तीप्रमाणे ती वीसच्या आत बसवायची होती. म्हणजे शेकडो खुर्च्या काढायच्या. आणि प्रत्येक खुर्चीत पक्षाचा कोणी ना कोणी माणूस बसलेला. कूलिजने ते काम केले.

आमदारांनी स्वतःचा पगार वर्षाला १००० डॉलरांवरून १५०० करण्याचे बिल मंजूर केले, तेव्हा या माजी आमदाराने त्यावर नकाराधिकार वापरला. कायदेमंडळातली सेवा ही उपजीविका नव्हे, ती आपखुशीने करायची लोकसेवा आहे, असे त्याने कळविले. स्वतः तो नॉर्थॅम्प्टनमध्ये दोन कुटुंबांच्या एका घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत असे आणि गव्हर्नर झाल्यावरही त्याने ते बिऱ्हाड सोडले नाही. म्हणून हे बोलणे त्याच्या तोंडी शोभले. पण मला या युक्तिवादात एक उणीव दिसते. ज्याची वकिली चालते त्याने लोकसेवा आपखुशीने करावी हे ठीक. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याने लाकडी माशाखाली बसायला यायचे कसे? काटकसरीचा नियम सर्वांना सारखा लावला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

हीच उणीव त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फार मोठ्या प्रमाणावर प्रकट झाली.

बॉस्टनच्या पोलिसांची स्थिती शोचनीय होती. नव्या शिपायाला वर्षाला ११०० डॉलर पगार, त्यातूनच गणवेश शिवायचा. काम आठवड्याला ७३ तासांपासून काहींना ९८ तासांपर्यंत. चौक्या जुन्या, घाण, उंदीर-ढेकणांनी भरलेल्या. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत महागाई जवळजवळ दुप्पट झाली होती. त्यातून या खात्याची रचना अशी, की पगार शहराने द्यायचा आणि पोलीस कमिशनर मात्र राज्याच्या गव्हर्नरने नेमायचा. त्यामुळे पोलिसांनी गाऱ्हाणे नगराध्यक्षाकडे न्यावे तर तो कमिशनरकडे बोट दाखवी, आणि कमिशनर नियमाकडे. शेवटी ऑगस्टमध्ये पोलिसांनी देशातल्या मोठ्या मजूर संघटनेत आपले नाव घातले. कमिशनर एडविन कर्टिस यांनी त्याला मनाई केली होती. नगराध्यक्ष पीटर्स यांनी नेमलेल्या नागरिकांच्या समितीने तडजोड सुचविली, ती कर्टिस यांनी फेटाळली आणि १९ पोलिसांना निलंबित केले. गव्हर्नरने मध्ये पडावे अशी विनवणी झाली. कूलिज पडला नाही. कमिशनर नेमला आहे, त्याला त्याचे काम करू द्यावे, हे त्याचे जुने सूत्र.

९ सप्टेंबर १९१९ रोजी संध्याकाळी पावणेसहाच्या हजेरीला १५४४ पैकी १११७ पोलीस ड्यूटी सोडून बाहेर पडले. त्या रात्री बॉस्टनमध्ये दुकाने फुटली, लुटालूट झाली. दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षाने शहरातली राज्य-रक्षक दले बोलाविली. त्यांनी गोळीबार केला. ११ तारखेला कूलिजने सारी सूत्रे आपल्या हाती घेतली आणि राज्यभरची दले उभी केली. एकूण आठ-नऊ माणसे प्राणास मुकली. मजुरांचे पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स यांनी पोलिसांना परत घ्यावे म्हणून तार केली. तिला कूलिजने जे उत्तर पाठविले त्याने तो एका रात्रीत देशभर प्रसिद्ध झाला. सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाही, कुठेही, केव्हाही नाही, असे ते उत्तर होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत आदल्या वर्षी जेमतेम सतरा हजारांनी जिंकलेला हा माणूस सव्वा लाखांनी जिंकला. पुढच्या वर्षी त्याला उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, आणि १९२३ च्या ऑगस्टात अध्यक्ष हार्डिंग वारले तेव्हा मध्यरात्र उलटल्यावर, प्लिमथ नॉचच्या त्या घरात, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, तंटे तोडणाऱ्या म्हाताऱ्या बापानेच मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली.

पोलिसांचे काय झाले? संपावर गेलेल्यांपैकी एकालाही परत घेतले नाही. त्यांच्या जागी नवी भरती झाली. नव्या शिपायांना सुरुवातीचा पगार १४०० डॉलर मिळाला, आणि गणवेश सरकारी खर्चाने.

हे शेवटचे वाक्य मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थबकतो. जे द्यायचेच होते, जे देणे शक्य होते, ते आधी का दिले नाही? पोलिसांनी संप करू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. ज्याच्या भरवशावर शहर झोपते त्याने मध्येच उठून जाऊ नये. कूलिजची तार त्या तत्त्वापुरती चुकीची नव्हती. पण ज्याला संप करण्याचा हक्क नाही, त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याचे कर्तव्य इतरांपेक्षा दुप्पट होते. गिरणीकामगाराला निदान यंत्र बंद करता येते. पोलिसाने काय बंद करावे? लॉरेन्समध्ये कूलिज समितीच्या टेबलाशी बसला, कागद पाहिले, आणि ३२ सेंटचे मोल त्याला कळले. बॉस्टनमध्ये तो टेबलाशी बसलाच नाही. नियमाच्या आड उभा राहिला. आत्मचरित्रात त्याने एवढे कबूल केले आहे, की पोलीस बाहेर पडताच रक्षक दले बोलवायला हवी होती. त्यांच्या चौक्या आधी दुरुस्त करायला हव्या होत्या, असे मात्र तो म्हणत नाही.

* * *

कूलिजविषयी लिहिणारे बहुधा दोन तट पाडतात. एका तटाच्या मते तो काटकसरीचा आणि मितभाषणाचा आदर्श. दुसऱ्याच्या मते काहीच न करणारा, नशिबाने वर चढलेला माणूस. या दोन्ही तटांना आमदार कूलिज नीट दिसलेला नाही, असे मला वाटते. तो काहीच करीत नव्हता हे म्हणणे खोटे. मताधिकार, ४८ तास, शिक्षकांचे पगार, ११८ खात्यांची छाटणी, ही काही न करणाऱ्याची कामे नव्हेत. आणि तो सदैव योग्य तेच करीत होता असे म्हणावे, तर बॉस्टनच्या त्या अकराशे कुटुंबांना काय उत्तर द्यायचे?

मला त्याचे आयुष्य वाचताना आपल्याकडची शाकारणी आठवते. कौलारू घराला दर पावसाळ्यापूर्वी माणूस वर चढवावा लागतो. फुटकी कौले बदलायची, सरकलेली बसवायची, कुजलेला वासा काढून नवा घालायचा. हे काम कोणाला दिसत नाही. घर तेच राहते. आल्यागेल्याला वाटते, काय जुने घर जपले आहे! पण वाडवडिलांच्या कौलाला हात लावायचा नाही, असा ज्याने नेम केला त्याचे घर जपले जात नाही. एखाद्या आषाढात ते खाली बसते. मग तो पावसाला शिव्या देतो. जुन्या घराच्या जागी सिमेंटचा मनोरा उठविण्याची घाई झालेल्या माणसाला आवरायला ‘नको’ म्हणणारा माणूस घरात हवाच. त्या ‘नको’ला किंमत येते ती मात्र त्याने दर वर्षी कौले चाळली असतील तरच.

नॉर्थॅम्प्टनमध्ये, लॉरेन्समध्ये, सिनेटच्या समितीत कूलिजने कौले चाळली. वाईट बिले मारली, आणि वेळेवर दुरुस्तीही केली. बॉस्टनच्या पोलीस चौकीवर मात्र वर्षानुवर्षे कोणी चढले नव्हते, आणि वादळ आले त्या रात्री तोही चढला नाही. वडिलांना लिहिलेल्या त्या पत्रातले वाक्य अपुरे आहे ते येथे. वाईट बिल मारणे चांगल्या बिलापेक्षा महत्त्वाचे असेलही. परंतु गळक्या छपराखाली बसून वाईट बिले मारीत राहिलेल्या माणसाला एक दिवस संप, दंगा किंवा क्रांती असल्या बिलाला तोंड द्यावे लागते, आणि त्यावर नकाराधिकार चालत नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीला पत्रक हाती पडले, की ‘किती कायदे केले’ या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. साहेबांनी कोणते वाईट काम होऊ दिले नाही? आणि कोणाची गळती, ओरड होण्यापूर्वी, आपणहून जाऊन पाहिली? पहिल्या प्रश्नाला कूलिजला पूर्ण गुण पडतील. दुसऱ्याला निम्मे.

कूलिज १९३३ च्या जानेवारीत वारला. प्लिमथ नॉच हे खेडे आज व्हरमाँट राज्याने ऐतिहासिक स्थळ म्हणून राखले आहे. दुकान, घर, दिव्याच्या उजेडात शपथ झाली ती खोली, सारे पूर्वी होते तसे ठेवले आहे असे सांगतात. त्या डोंगरात हिवाळा मोठा कडक आणि बर्फ अतोनात. अशा जागी लाकडी घर दीडशे वर्षे आपोआप पूर्वीसारखे राहत नसते. तेथे दर वर्षी कोणी तरी शिडी लावून छपरावर चढत असणार.